आकसणाऱ्या रेझिनला पोटातल्या भेगांचा आधार

पुणे, प्रतिनिधी

रात्रीच्या वेळी कात्रजचा घाट उतरताना समोरच्या गाडीचा झोत थेट डोळ्यांवर आला, की क्षणभर रस्ता दिसेनासा होतो. समोरचा चालक 'अप्पर' लावून निघाला आहे, असे गृहीत धरून आपण त्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु दिवा 'डिपर'वर असूनही झोत वर जाऊ शकतो. बल्बच्या मागे जी चकचकीत वाटी असते, तिचा आकार बिघडलेला असला तर चालकाचा नाइलाज असतो.

ही वाटी वरवर पाहता धातूची वाटते. प्रत्यक्षात असंख्य वाहनांमध्ये ती पॉलिएस्टर रेझिन, खडूची पूड आणि काचतंतूंचे तुकडे एकत्र मळून केलेल्या लगद्यापासून बनते. कारखान्यात या लगद्याला 'बीएमसी' किंवा 'डीएमसी' म्हणतात. यातील 'डी' म्हणजे 'डो', अर्थात कणीक, आणि हा लगदा दिसतोही घट्ट भिजवलेल्या कणकेसारखाच. तापलेल्या पोलादी साच्यात तो दाबला जातो, एक-दोन मिनिटांत दगडासारखा कडक होतो आणि मग त्यावर निर्वात पेटीत ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवला जातो.

आता थोडे गणित. वाटीच्या पृष्ठभागाचा एखादा भाग अर्ध्या अंशाने जरी कलला, तरी त्यावरून परतणारा किरण एक अंशाने भरकटतो. हा एक अंश ५० मीटरवर सुमारे ८७ सेंटिमीटर होतो. 'डिपर'चा झोत सर्वसाधारणपणे १० मीटरला १० सेंटिमीटर इतकाच खाली झुकवलेला असतो. म्हणजे ५० मीटरवर तो जेमतेम अर्धा मीटर खाली उतरलेला असतो. वाटीचा एक कोपरा किंचित मुरडला, की त्या कोपऱ्यातला प्रकाश रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. संपूर्ण दिवा तिरपा बसला असेल तर गॅरेजमध्ये स्क्रू फिरवून सरळ करता येतो. वाटीच वाकडी असेल तर त्यावर इलाज नाही.

आणि पॉलिएस्टर रेझिनचा जन्मजात दोष असा, की ते कडक होताना आकसते. आकसणारा पदार्थ वाकडा होतो. तरीही पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांत तोच पदार्थ इतका बिनचूक आकार कसा धरून राहतो, हा या लेखाचा विषय आहे.

साडी आणि हेडलाइट

पॉलिएस्टर म्हटले की आपल्याला साडी किंवा शर्टाचे कापड आठवते. नाते जवळचे आहे, पण स्वभाव वेगळा. कापडाच्या पॉलिएस्टरच्या लांब साखळ्या एकमेकींशी रासायनिक बंधाने जोडल्या जाऊ शकत नाहीत. तापवले तर ते वितळते, याचा अनुभव गरम इस्त्रीने अनेकांना आलेला असतो. साच्यात ओतायच्या पॉलिएस्टरमध्ये मात्र मॅलेइक अनहायड्राइडसारखे रसायन वापरून साखळीत जागोजाग कार्बनचे दुहेरी बंध मुद्दाम ठेवलेले असतात. म्हणून त्याला असंपृक्त पॉलिएस्टर म्हणतात. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ कार्लटन एलिस यांनी १९३० च्या दशकात या रेझिनची पेटंटे घेतली.

हे पॉलिएस्टर स्टायरिन या तीव्र वासाच्या द्रवात विरघळवून विकले जाते. सर्वसाधारणपणे डब्यातील ३० ते ४० टक्के भाग स्टायरिनचाच असतो. रंग पातळ करणारे टर्पेंटाइन नंतर उडून जाते, तसे स्टायरिनचे नाही. ते पातळ करण्याचे काम करतेच, शिवाय पुढे साखळ्यांना साखळ्या जोडणारा दुवाही तेच बनते. पेरॉक्साइडचे काही थेंब पडले की त्यातून क्रियाशील कण सुटतात, दुहेरी बंध उघडू लागतात आणि स्टायरिनचे पूल बांधत साऱ्या साखळ्या एका अखंड जाळ्यात गुंफल्या जातात. मधासारखा द्रव आधी जेलीसारखा थरथरतो, मग कडक होतो. या क्रियेत बरीच उष्णता बाहेर पडते. जाड थर एकदम ओतला तर तो आतून शंभर अंशांच्याही वर तापतो, धुरकटतो आणि कधी कधी आवाज करून तडकतो.

आकसण्याचे मूळ याच जोडणीत आहे. गणेशोत्सवात लक्ष्मी रस्त्यावर मिरवणूक पाहणारी गर्दी डोळ्यांसमोर आणावी. माणसे शेजारी शेजारी, पण सुटी सुटी उभी आहेत. त्या सर्वांनी एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी केली, तर तीच माणसे कितीतरी कमी जागेत मावतील. रेणूंचेही तसेच होते. द्रवात दोन शेजारी रेणूंतील अंतर साधारण तीन ते चार अँगस्ट्रॉम असते. त्यांच्यात रासायनिक बंध जुळला की ते दीड अँगस्ट्रॉमच्या आसपास येते. अशा अब्जावधी जोडण्यांची बेरीज म्हणजे आकुंचन.

शुद्ध रेझिनमध्ये हे आकुंचन आकारमानाच्या ७ ते १० टक्के भरते. एक लिटर ओतले तर अधिक-उणे ८० मिलिलिटर कुठे गेले ते कळत नाही. लांबीच्या हिशेबात ते साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे अडीच-तीन टक्के. दहा फुटांची मूर्ती निव्वळ रेझिनची ओतली तर ती आठेक सेंटिमीटर बुटकी निघेल. प्रत्यक्षात तशी कोणी ओतत नाही. काचतंतूंची चटई आणि खडूची पूड घातली की रेझिनचा वाटा कमी होतो, तंतू आकसत नाहीत आणि एकूण आकुंचन बरेच आटोक्यात येते.

पण तंतूंमुळेच दुसरी अडचण उभी राहते. तंतू असलेली जागा तशीच राहते, दोन तंतूंमधली रेझिन खाली बसते आणि पृष्ठभागावर चटईची वीण उमटते. साडीच्या पातळ घडीखालून आतल्या कापडाची वीण दिसावी तसे. मागच्या बाजूला बळकटीसाठी फासळी दिलेली असेल, तर पुढच्या बाजूला बरोबर तिच्यावर खळगा पडतो. सपाट पत्रा कडांना उचलला जातो. जोडाची भोके जुळत नाहीत. आणि बाहेरून काहीच दिसले नाही, तरी आकसू न शकलेल्या भागात ताण कोंडलेला राहतो. तो पुढे कधीतरी तडा बनून बाहेर पडतो.

ट्रकचे बंपर, मोटारीचे पॅनेल, विजेच्या मीटरची पेटी, गच्चीवरची पाण्याची टाकी या सर्वांना कमी-अधिक प्रमाणात हा दोष सतावतो. १९५३ मध्ये अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेट ही काचतंतू आणि पॉलिएस्टरच्या बॉडीची मोटार आली, तेव्हा तिचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु असे पॅनेल पत्र्यासारखे नितळ दिसावे म्हणून घासाघीस आणि लांबी भरण्याचे काम हातानेच करावे लागे. लाखो गाड्यांच्या कारखान्यात हे परवडणारे नव्हते.

काळ्या जमिनीचा न्याय

उपाय निघाला तो १९६० च्या दशकात, आणि तोही काहीसा उलट्या वाटेने. आकसणारे रेझिन बदलण्याऐवजी त्यात दुसरे एक साधे, जोडणीत भाग न घेणारे प्लास्टिक मिसळण्यात आले. या मिसळणीला उद्योगात 'लो प्रोफाइल ॲडिटिव्ह' म्हणतात. पृष्ठभागाची उंचसखल रेषा, म्हणजे 'प्रोफाइल', कमी करते म्हणून हे नाव. प्रमाण असते रेझिनच्या मिश्रणात साधारण १० ते २० टक्के. कणकेच्या एकूण वजनात, खडू आणि काच धरून, ते त्याहून बरेच कमी भरते.

ही मिसळण आकुंचन थांबवते, असा एक सरसकट समज आहे. तो चुकीचा आहे. दुहेरी बंध जुळतात तेव्हा रेणू जवळ येतातच, त्याला कोणाचाही इलाज नाही. मग होते काय?

मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे मे महिन्यात ज्यांनी काळी जमीन पाहिली आहे, त्यांना हे चटकन समजेल. पावसाळ्यात फुगलेली माती उन्हाळ्यात वाळते, तेव्हा ती निश्चितच आकसते. पण म्हणून शेताचे बांध आत सरकत नाहीत. दोन एकरांचे शेत दोन एकरच राहते. जमीन आकसण्याचा सगळा हिशेब शेताच्या पोटात भेगा पाडून चुकता करते. लो प्रोफाइल ॲडिटिव्ह रेझिनकडून नेमके हेच करवून घेते. फरक एवढाच, की या भेगा एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापाच्या असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत.

क्रिया टप्प्याटप्प्याने होते. सुरुवातीला पॉलिएस्टर, स्टायरिन आणि मिसळलेले प्लास्टिक हे तिघे बऱ्यापैकी एकजीव असतात. साचा सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापलेला असतो, त्यामुळे मिश्रण तापून आधी थोडे प्रसरणच पावते. जोडणी सुरू झाली की पॉलिएस्टरचे जाळे दाट होऊ लागते आणि त्यात परक्या प्लास्टिकला जागा उरत नाही. गरम वरणात विरघळलेले तूप वरण निवल्यावर वेगळे दिसू लागते, तसे ते प्लास्टिक वेगळे होते. आता पदार्थाच्या पोटात दोन प्रांत तयार होतात. एकात कडक होत चाललेल्या पॉलिएस्टरचे बारीक गोळे, दुसऱ्यात या गोळ्यांच्या भोवती पसरलेले मऊ प्लास्टिक. गोळे आकसतात, एकमेकांपासून दूर ओढले जातात आणि सारा ताण मधल्या मऊ थरावर येतो. तो थर तेवढा ताण सोसू शकत नाही. तो फाटतो. अनारशाला जाळी पडावी तशी आत सूक्ष्म पोकळ्यांची जाळी पडते आणि तेवढी जागा व्यापते. बाहेरचा आकार साच्याला चिकटून राहतो.

या पोकळ्या योग्य वेळी पडणे महत्त्वाचे आहे. जाळे पुरेसे घट्ट होण्याआधीच ताण निघून गेला, तर पोकळ्या पडतच नाहीत. पॉलिएस्टर फार लवकर कडक झाले, तर वेगळे होण्यास प्लास्टिकला सवडच मिळत नाही. चांगल्या मिश्रणात साच्यातून निघालेल्या वस्तूचे आकुंचन जवळजवळ शून्यावर येते. क्वचित ती साच्याहून केसभर मोठीही निघते. हेडलाइटच्या वाटीला लागते ते हेच.

फेव्हिकॉल, ॲक्रिलिक आणि थर्माकोल

ही प्लास्टिके काही दुर्मीळ नाहीत. सर्वाधिक वापरले जाणारे आहे पॉलिव्हिनिल ॲसिटेट, म्हणजे सुताराच्या पांढऱ्या गोंदाचा, आपल्या ओळखीच्या फेव्हिकॉलचा, मूळ घटक. दुसरे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे दुकानांच्या पाट्यांचे ॲक्रिलिक. तिसरे पॉलिस्टायरिन, म्हणजे फुगवण्यापूर्वीचा थर्माकोल. (मखरांचा थर्माकोल महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीनंतर बाजूला पडला, हे खरे. फायबरच्या कारागिरांना मात्र तो आधीपासूनच अवघड ठरे, कारण त्यावर पॉलिएस्टर ओतले की स्टायरिन त्याला क्षणात विरघळवून टाकते.)

येथे एक सूचना द्यावीशी वाटते. गोंदाचा आणि या ॲडिटिव्हचा घटक एकच असला, तरी गोंदाच्या डब्यात तो पाण्यात मिसळलेला असतो. ते पाणी पॉलिएस्टरचे नुकसानच करील. कारखान्यात वापरायचे पॉलिव्हिनिल ॲसिटेट स्टायरिनमध्ये विरघळवलेले असते. शिवाय साच्याला वस्तू चिकटू नये म्हणून जो 'पीव्हीए' लावतात, तो पॉलिव्हिनिल अल्कोहोल आहे. नावातील साधर्म्यामुळे दोघांची गल्लत होते.

तिघांचे गुण वेगवेगळे. पॉलिव्हिनिल ॲसिटेट ३०-४० अंशांलाच मऊ पडते, पॉलिएस्टरशी त्याची जवळीक चांगली आहे आणि आकुंचन लपवण्यात ते सर्वांत पुढे आहे. पॉलिस्टायरिनची पॉलिएस्टरशी मैत्री मुळातच कमी. पिंपात ठेवले तर ते वर वेगळे साचते, वापरण्यापूर्वी ढवळावे लागते. त्याने आकुंचन कमी होते, शून्य होत नाही. ॲक्रिलिक दोहोंच्या मधले.

मग सगळीकडे पॉलिव्हिनिल ॲसिटेटच का वापरत नाहीत? कारण रंग. आतल्या असंख्य पोकळ्यांवर प्रकाश विखुरतो आणि वस्तू पांढरट दिसते. साबणाचा फेस पांढरा दिसतो, त्यातलाच हा प्रकार. अशा मिश्रणात काळा किंवा गडद लाल रंग घातला तर तो फिका, ढगाळ, ठिकठिकाणी वेगळा उमटतो. म्हणून जिथे वस्तूवर वरून रंग किंवा धातूचा थर चढणार आहे, तिथे शून्य आकुंचनाचे मिश्रण चालते. जिथे रंग मिश्रणातच हवा, तिथे पॉलिस्टायरिन घालून थोडे आकुंचन पत्करावे लागते. मीटरची पेटी राखाडी असते, त्यामागे केवळ सरकारी अभिरुची नसते.

किंमत दुसरीकडेही मोजावी लागते. पोकळ्या म्हणजे शेवटी भेगाच. त्यांनी मजबुती थोडी घटते आणि पाणी शोषण्याची वृत्ती वाढते.

घट्ट होण्याची चाल बदलते

आकुंचनाची चर्चा होते तेवढी क्युअरिंगची, म्हणजे कडक होण्याच्या क्रियेची, होत नाही. हे ॲडिटिव्ह तिच्यातही हात घालते. पहिला परिणाम सरळ आहे. मिश्रणाचा काही हिस्सा आता जोडणीत भाग न घेणाऱ्या प्लास्टिकने व्यापला, म्हणून एकूण उष्णता कमी निघते आणि तापमानाचा शिखरबिंदू खाली येतो. क्रिया काहीशी संथ होते. जाड वस्तूंच्या दृष्टीने ते बरेच आहे, पण साचा किती सेकंद बंद ठेवायचा याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

दुसरा परिणाम अधिक कपटी म्हणावा असा. प्लास्टिक वेगळे होते तेव्हा एकटे होत नाही, आपल्याबरोबर काही स्टायरिनही घेऊन जाते. पॉलिएस्टरच्या प्रांतात स्टायरिन अपुरे पडते, प्लास्टिकच्या प्रांतात ते जास्त होते आणि तिथे ते उशिरा जोडले जाते किंवा तसेच उरते. उरलेले स्टायरिन नंतर वास बनून बाहेर येते. हेडलाइटमध्ये ते वासापुरते थांबत नाही. हॅलोजन बल्ब पेटला की वाटी चांगलीच तापते, उरलेली रसायने वाफ होऊन उडतात आणि थंड काचेवर धुक्यासारखा थर बसवतात. नव्या गाडीच्या दिव्याची काच आतून धुरकट दिसण्याचे हे एक कारण. (सगळेच धुके असे नसते. पावसाळ्यात आतली आर्द्रताही साचते, ती मात्र दिवा लावला की निघून जाते.) म्हणून वाटी साच्यातून काढल्यावर पुन्हा भट्टीत तापवून उरलेसुरले स्टायरिन काढून टाकतात.

आता एलईडी दिवे आले, ते वाटीला पूर्वीइतके तापवत नाहीत, आणि कित्येक ठिकाणी वितळून ओतायच्या प्लास्टिकच्या हलक्या वाट्या वापरात आल्या. तरी पॉलिएस्टरची कणीक बाद झालेली नाही. स्वस्त, उष्णता सोसणारी आणि आकार धरणारी वस्तू म्हणून तिचा मान कायम आहे. विजेच्या स्विचगिअरमध्ये तर ती ठाण मांडून आहे.

भोसरीची शेड, डिसेंबरची सकाळ

आतापर्यंत सांगितले ते तापलेल्या प्रेसचे, मोठ्या भांडवलाचे जग. भोसरी एमआयडीसीत किंवा शहराच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम चालते ते वेगळे. गोड, डोक्यात चढणारा स्टायरिनचा वास दूरवरूनच येतो. साच्यावर मेण, मग जेलकोट, मग चटईचा थर, त्यावर ब्रशने रेझिन, रोलरने हवा काढायची, पुन्हा थर. खुर्च्या, बसचे पॅनेल, देखाव्यांचे खांब, उत्सवानंतर विसर्जन न होता मांडवातून परत जाणाऱ्या मोठ्या मूर्ती असे सारे येथे हातानेच घडते. येथे भट्टी नाही, प्रेस नाही. कोबाल्ट आणि पेरॉक्साइड यांच्या जोरावर रेझिन हवेच्या तापमानातच कडक करायचे.

लो प्रोफाइल ॲडिटिव्ह येथे फारसे कामाला येत नाही, ही या धंद्यातील खरी मेख आहे. थंड साच्यात मिश्रण आधी प्रसरण पावत नाही, प्लास्टिक पुरेसे मऊ पडत नाही, जोडणी सावकाश आणि अर्धवट होते आणि पोकळ्या पाडण्याइतका ताण योग्य वेळी येत नाही. कमी तापमानाला चालतील अशी ॲडिटिव्हे शोधण्यावर जगात बरेच संशोधन झाले, अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात तर एल. जेम्स ली यांच्या गटाने वर्षानुवर्षे हाच विषय लावून धरला. पण ज्या परिणामाची आपण तापलेल्या साच्यात अपेक्षा करतो, तो शेडमध्ये केवळ डबा बदलून मिळत नाही. दरात स्वस्त म्हणून कोणी रेझिनमध्ये थर्माकोलचे तुकडे विरघळवले, तर ते रेझिन दाट आणि कमकुवत होईल, आकुंचन लपणार नाही.

त्यात पुण्याची हवा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ४० अंश, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे १० अंशांच्या आसपास. त्याच प्रमाणात पेरॉक्साइड घातले तर मे महिन्यात रेझिन बादलीतच जेलीसारखी होते आणि हिवाळ्यात संध्याकाळपर्यंत चिकट राहते. कारागीर अनुभवाने एक-दोन टक्क्यांच्या मर्यादेत मात्रा कमी-जास्त करतात. हिवाळ्यात धोका दुहेरी असतो. वस्तू कडक झाल्यासारखी वाटते, गिऱ्हाइकाला जाते, आणि जोडणी अपुरी राहिलेली असल्याने मार्चच्या उन्हात ती पुन्हा सुरू होते. उरलेले आकुंचन तेव्हा होते. जानेवारीत आरशासारखे असलेले पॅनेल एप्रिलमध्ये चटईची वीण दाखवू लागते आणि माल परत येतो. छोट्या वर्कशॉपमालकाच्या दृष्टीने एका खेपेचा परतावा म्हणजे महिन्याचा नफा.

म्हणून या शेडमध्ये जुनेच उपाय खरे. थर पातळ आणि थांबून थांबून द्यायचे, म्हणजे प्रत्येक थराचे आकुंचन वेगवेगळे उरकते. जेलकोटमागचा पहिला थर बारीक तंतूंच्या चटईचा घ्यायचा आणि तो पूर्ण कडक होऊ द्यायचा. खडू किंवा टाल्क बेताने घालायचे. वस्तू घाईने साच्यातून ओढायची नाही, आणि शक्य असेल तर बल्ब लावलेल्या किंवा उन्हाने तापलेल्या बंद खोलीत काही तास ५०-६० अंशांला ठेवायची. परीक्षा मात्र सगळीकडे सारखीच, मग कारखाना कोट्यवधींचा असो वा पत्र्याचा. पॅनेल तिरपे धरायचे आणि त्यात छतावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहायचे. रेघ सरळ दिसली तर ठीक. ती नागमोडी दिसली की आत आकुंचन झाले आहे, हे कोणत्याही उपकरणाशिवाय कळते.

जाता जाता दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. कोबाल्ट आणि पेरॉक्साइड कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच दुसरे घालावे, अन्यथा भडका किंवा स्फोट होतो. आणि स्टायरिनच्या वासाची सवय होते, म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये त्याचा समावेश 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात केला आहे. पंख्याची दिशा कामगाराच्या पाठीकडून साच्याकडे, तिथून बाहेर अशी असावी, एवढी साधी गोष्टही अनेक शेडमध्ये पाळली जात नाही.

पाषाणचा प्रश्न

आकुंचन लपवण्याची युक्ती जिथे वापरताच येत नाही, असे एक ठिकाण पुण्यातच आहे. पाषाणच्या हाय एनर्जी मटेरिअल्स रिसर्च लॅबोरेटरीचा इतिहास १९०८ मध्ये नैनितालला सुरू झालेल्या रासायनिक परीक्षकाच्या प्रयोगशाळेपर्यंत जातो. १९६० मध्ये ती एक्स्प्लोसिव्ह रिसर्च अँड डेव्हलपमेंट लॅबोरेटरी झाली आणि १९९५ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. येथील शास्त्रज्ञांनी, विशेषतः डॉ. जय प्रकाश अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९८० च्या दशकात असंपृक्त पॉलिएस्टरवर बरेच काम प्रसिद्ध केले. मोटारींशी त्याचा संबंध नव्हता. विषय होता रॉकेटचा.

रॉकेटमधील घन इंधनाची कांडी उदबत्तीसारखी एका टोकाकडून शांतपणे जळावी, असे काही ठिकाणी हवे असते. त्यासाठी तिच्या बाजूंवर न जळणाऱ्या पदार्थाचे आवरण चढवतात. नायट्रोग्लिसरिन आणि नायट्रोसेल्युलोज यांच्या 'डबल बेस' इंधनावर पॉलिएस्टर चांगले चिकटते, म्हणून त्याचा विचार झाला. परंतु पॉलिएस्टर आकसले आणि कुठे केसाएवढी फट पडली, तर ज्वाला त्या फटीत शिरते. जळणारे क्षेत्रफळ एकदम अनेक पटींनी वाढते, दाब चढतो आणि रॉकेटचे नळकांडे फुटते. हेडलाइटमध्ये आकुंचनाने डोळे दिपतात, येथे जीव जातात.

येथे तापलेला साचा वापरणे अशक्य, कारण दीडशे अंशांना ते इंधनच धोक्याच्या उंबरठ्यावर येते. रेझिनची स्वतःची उष्णतादेखील मर्यादेत ठेवावी लागते. आतून सूक्ष्म भेगा पाडून घेण्याची युक्तीही नको, कारण नायट्रोग्लिसरिन हळूहळू आवरणात झिरपते आणि पोकळ्या त्याला वाट करून देतील. म्हणून वाट वेगळी धरावी लागली. पॉलिएस्टरच्या साखळीतील दुहेरी बंधांची संख्या आणि ग्लायकॉलची लांबी बदलून ती अधिक लवचीक करायची, म्हणजे आकुंचन झाले तरी आवरण ताणले जाईल आणि सुटणार नाही. लवचीक साखळी मात्र नायट्रोग्लिसरिन अधिक शोषते आणि फुगते. कडक साखळी शोषत नाही, पण तडकते. या दोन टोकांमधली जागा शोधणे हेच त्या कामाचे स्वरूप होते. आवरण चढवलेली कांडी मग क्ष-किरणांखाली धरून इंच इंच तपासली जाते. चिकटलेल्या दोन थरांमध्ये फिकट रेघ दिसली, तर ती कांडी बाद.